पेटीत राहिलेली चिठ्ठी



आमचे ख्रिस्तमंदिर टेकडीवर आहे. तेथे पोहोचण्यास ४२ पायऱ्या चढाव्या लागतात. या पायऱ्यांवर कोण कोठे थांबतो, हे धर्मगुरूला थोड्याच वर्षांत पाठ होऊन जाते. वृद्ध मंडळी मधल्या कट्ट्यावर टेकतात, लेकुरवाळ्या स्त्रिया मूल एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतात, आणि मुले धावत वर जाऊन खालच्यांना हाका मारतात. २०१८ साली मी या धर्मग्रामात नुकताच आलो होतो. तेव्हा दहावीत शिकणारी एक मुलगी दर रविवारी म्हाताऱ्यांच्या त्या कट्ट्यावर बसलेली दिसे. गायकवृंदात तिच्यासारखा गळा दुसऱ्या कोणाचा नव्हता. परंतु लांब ओळ आली की तिचा श्वास मध्येच तुटे. एकदा मी थट्टेने म्हणालो, "अगं, सोळाव्या वर्षीच आजीबाई झालीस की काय?" ती हसली. मीही हसलो. आज ते हसणे आठवले म्हणजे माझी मान खाली जाते.

त्याच वर्षी शाळेत सरकारी आरोग्य पथक आले. पथकातील डॉक्टरांनी तिच्या छातीवर नळी ठेवली, पुनःपुन्हा ऐकले आणि एक चिठ्ठी लिहून दिली: हृदयात जादा आवाज येतो, पुढील तपासणीसाठी मोठ्या रुग्णालयात न्यावे. मिस्सा आटोपल्यावर तिची आई ती चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आली. "फादर, काय करू?" मी मुलीकडे पाहिले. अंगाने बारीक, पण चेहरा हसरा. परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. मी म्हणालो, "परीक्षा होऊन जाऊ दे, मग सुटीत जाऊन या." परीक्षा झाली, सुटी सरली, भाताची लावणी आली. त्या माउलीने चिठ्ठी फेकली नाही. गरीब घरात सरकारी कागद कोणी फेकत नाही. तिने ती लोखंडी पेटीत, लग्नाच्या साडीखाली, जपून ठेवली. आणि मी पुन्हा कधी विचारले नाही.

२०२४ च्या पावसाळ्यात ती मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. सातवा महिना लागला होता. सासरच्या गावी एकाने तिला दमा आहे असे सांगून ओढायचे औषध दिले होते, तर दुसऱ्याने रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या होत्या. आजीचे मत, पहिलटकरणीला असे होतेच. एके रात्री तिला आडवे पडवेना. भिंतीला टेकून बसली तरी श्वास पुरेना, खोकल्याबरोबर गुलाबी फेस पडू लागला. उपकेंद्रातील नर्सबाई भर पावसात धावत आल्या. त्यांनी नाडी पाहिली आणि एक शब्द न बोलता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावली. रुग्णालयात लागेल म्हणून आई पेटीतून शिधापत्रिका काढू लागली, तेव्हा साडीखालची ती चिठ्ठी वर आली. घड्या पडलेली, पण अक्षर न् अक्षर वाचता येण्याजोगी.

या सदरात आज मी जे लिहीत आहे, ते त्या चिठ्ठीविषयी आहे. आपल्या गावांत हृदयाच्या झडपांचा विकार ओळखलाच जात नाही असे नाही. पुष्कळदा कोणीतरी, कोठेतरी, तो ओळखलेला असतो. पण ओळखणारा आणि बरे करणारा यांच्यामधली वाट रोग्याला चालून जाता येत नाही, आणि आपण त्याला तेथवर नेऊन पोहोचवीत नाही.

प्रथम झडप म्हणजे काय ते समजून घेऊ. विहिरीवर पंप बसविताना नळाच्या तळाशी एक झडप लावतात. ती पाणी वर जाऊ देते, पण माघारी येऊ देत नाही. झडप गंजून नीट उघडेनाशी झाली की पाणी कमी चढते. नीट मिटेनाशी झाली की चढलेले पाणी पुन्हा विहिरीत उतरते. दोन्ही प्रसंगी मोटार मात्र दुप्पट राबते आणि शेवटी जळते. आपल्या हृदयात अशा चार झडपा आहेत. हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते, आणि तितक्याच वेळा या पातळ पडद्यांची उघडझाप होते. त्यांपैकी फुप्फुसांकडून आलेले शुद्ध रक्त हृदयाच्या मुख्य कप्प्यात सोडणारी जी झडप आहे, तिला मायट्रल झडप म्हणतात. आपल्याकडील तरुण रोग्यांत बहुधा हीच बिघडलेली आढळते. ती अरुंद झाली की रक्त मागे फुप्फुसांत तुंबते. म्हणून धाप लागते, म्हणून खोकला येतो, आणि म्हणूनच लोक त्याला दमा म्हणतात.

ही झडप बिघडते कशाने? नवल वाटेल, पण या दुखण्याचा आरंभ घशात होतो. स्ट्रेप्टोकॉकस नावाचे जंतू मुलाच्या घशात शिरतात. सर्दी-खोकला नसताना एकाएकी ताप येतो, गिळताना फार दुखते, जबड्याखाली दुखऱ्या गाठी येतात. चार-सहा दिवसांत घसा बरा होतो व सर्वजण ते विसरतात. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी काही थोड्या मुलांना दुसरा ताप भरतो. शरीराने त्या जंतूंविरुद्ध परजलेली शस्त्रे चुकून स्वतःच्याच सांध्यांवर व हृदयावर चालू लागतात. यालाच संधिज्वर अथवा ऱ्हुमॅटिक ताप म्हणतात. तो मुख्यतः ५ ते १५ वर्षांच्या मुलांना गाठतो. आज गुडघा सुजतो, उद्या घोटा, परवा कोपर. जणू दुखणे अंगात घर बदलीत फिरते. वेदनाशामक गोळी दिली की सांधे दोन-तीन दिवसांत मोकळे होतात, कोणताही व्यंग राहत नाही, आणि आईबाप सुटकेचा श्वास टाकतात. वैद्यकात जुने वचन आहे की हा रोग सांध्यांना नुसते चाटून जातो, हृदयाला मात्र चावतो. तो चावा मुलाला कळत नाही. झडपेवर व्रण उरतो, ताप पुन्हा आला की तो वाढतो, आणि काही वर्षांनी, कधी ऐन तारुण्यात, ती झडप आखडते किंवा गळू लागते.

काही मुलांत हा ताप निराळेच रूप घेतो. हातपाय आपोआप वेडेवाकडे हलतात, हातातून पेला पडतो, वहीतील अक्षर बिघडते, मूल विनाकारण रडते. अशा मुलाला दृष्ट लागली म्हणून मिरच्या ओवाळतात. कोणी आशीर्वादासाठी माझ्याकडे आणतात. आशीर्वाद मी आनंदाने देईन. परंतु ख्रिस्तमंदिराच्या पायऱ्या उतरल्यावर त्या मुलाला घरी नेऊ नका; तसेच दवाखान्यात न्या.

हा विकार म्हणजे आपल्याच कोपऱ्यातील दुर्दैव आहे असेही कोणी समजू नये. २०१९ सालच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे ४ कोटी लोकांना संधिज्वराने हृदयविकार जडलेला आहे, आणि त्यापायी वर्षाला सुमारे ३ लाख मृत्यू होतात. श्रीमंत देशांतून तो बहुतांशी नाहीसा झाला आहे. जेथे एका खोलीत सहा जण निजतात, जेथे घसा दुखला म्हणून डॉक्टरकडे जाणे ही चैन वाटते, तेथे तो टिकून आहे. २०१८ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने सर्व राष्ट्रांना उद्देशून या रोगाविषयी खास ठराव केला. आपल्या देशात २०१३ साली महाराष्ट्रातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. शाळा व अंगणवाड्यांत मुलांची तपासणी करणारी पथके त्याच कार्यक्रमाची, आणि त्यांनी शोधावयाच्या विकारांच्या यादीत या हृदयविकाराचा समावेश आहे. आमच्या मुलीला मिळालेली चिठ्ठी हा त्या कार्यक्रमाचाच प्रसाद होता. सरकारने आपले काम केले. पुढचे काम आमचे होते.

ओळख आणि उपचार यांच्यामधल्या या दरीची एक जुनी हकीकत सांगतो. ६ मे १९२५ रोजी लंडन हॉस्पिटलमध्ये हेन्री सौटर नावाच्या शल्यविशारदाने अरुंद झालेल्या मायट्रल झडपेची एक तरुण मुलगी शस्त्रक्रियेसाठी घेतली. हृदयाच्या वरच्या कप्प्याला छेद देऊन त्याने त्यातून आपले बोट आत घातले आणि धडधडत्या हृदयातील झडप बोटाने मोकळी केली. मुलगी शुद्धीवर आली, बरी होऊन घरी गेली. आता सौटरच्या दारी रोग्यांची रांग लागली असेल असे आपणांस वाटेल. प्रत्यक्षात त्यानंतर त्याच्याकडे असा एकही रोगी पाठविण्यात आला नाही. त्या काळच्या वैद्यांचे मत असे होते की खरा दोष हृदयाच्या स्नायूत असतो, झडपेला हात लावून उपयोग नाही. हात कुशल होता, उपाय हाती आला होता. परंतु 'त्यांच्याकडे जा' असे रोग्याला सांगणारे कोणी नव्हते. अशी शस्त्रक्रिया पुन्हा यशस्वी झाली ती १९४८ साली, म्हणजे २३ वर्षांनी. मधल्या काळात किती जण धापा टाकीत गेले असतील!

आज उपायांची वाण नाही. १९८४ साली जपानचे शल्यविशारद कांजी इनौए यांनी एक पद्धत प्रसिद्ध केली. तीत छाती न उघडता, जांघेतील शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात आणि तिच्या टोकाचा फुगा फुगवून अरुंद झडप मोकळी करतात. झडप अगदीच निकामी झाली असेल तर ती बदलतात. अशी कृत्रिम झडप आपल्याच देशात तयार होते. तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या मार्गदर्शनाखाली ती घडविली गेली, ६ डिसेंबर १९९० रोजी पहिल्या रोग्याच्या हृदयात बसविली गेली, आणि आजवर एक लाखाहून अधिक रोग्यांना तिचा लाभ झाला आहे. म्हणजे कारागीर आहेत, हत्यारे आहेत. अडते ते आपल्या उंबऱ्यापासून रुग्णालयाच्या पायरीपर्यंत.

का अडते? याचा मी गेल्या वर्षभर विचार केला आहे व घरोघरी विचारलेही आहे. पहिले कारण, हा रोग सावकाश चालतो. मूल खेळणे हळूहळू सोडते, आणि आपण म्हणतो, 'शांत स्वभावाचे आहे.' दुसरे कारण, त्याला सोयीची खोटी नावे मिळतात: दमा, अशक्तपणा, कधी क्षय, कधी नुसता आळस. तिसरे कारण पैशाचे व वेळेचे. बेळगावला एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली, बसभाडे गेले, आणि म्हशीची धार कोण काढणार हा प्रश्न उरलाच. चौथे कारण मी जरा हळू आवाजात सांगतो. मुलीच्या हृदयात दोष आहे असे गावात कळले तर तिचे लग्न कसे व्हायचे, या भीतीने चिठ्ठी पेटीत जाते. बंधुभगिनींनो, लपविलेली झडप लग्नाने बरी होत नाही. गरोदरपणी शरीरातील रक्ताचे प्रमाण जवळजवळ दीडपट होते. अरुंद झडपेतून एवढे रक्त जाऊ शकत नाही, आणि जी मुलगी कुमारपणी नुसती पायऱ्यांवर बसत होती, ती पाचव्या-सातव्या महिन्यात अंथरुणावर उठून बसते. जे आपण वरपक्षापासून लपवितो, ते तिच्या बाळंतपणापासून लपत नाही.

आता ओळखीच्या खुणा नीट ध्यानात ठेवा. बरोबरीची मुले चढतात तो चढ ज्याला चढवत नाही. ज्याला पूर्वी होत असलेले काम आता धापेमुळे होत नाही. ज्याला उताणे निजल्यावर श्वास कोंडतो व उशांवर उशा लागतात. ज्याला रात्री दचकून उठून खिडकीशी बसावे लागते. ज्याची छाती विश्रांतीतही अनियमित धडधडते. ज्याच्या पायांवर संध्याकाळी सूज येते, आणि ज्याला लहानपणी सांधे सुजण्याचा ताप येऊन गेला आहे, अशा माणसाच्या छातीला डॉक्टरांनी नळी लावून ऐकले पाहिजे. 'ऐकले पाहिजे' असे मी मुद्दाम म्हणतो. ही नळी, जिला स्टेथोस्कोप म्हणतात, १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरने कागदाच्या गुंडाळीपासून प्रथम बनविली. दोनशे वर्षे झाली तरी झडपेचा दोष प्रथम पकडण्याचे तिच्यासारखे स्वस्त साधन नाही. परंतु ती अंगरख्यावरून घाईने टेकवून चालत नाही. डॉक्टरांना नम्रपणे सांगा, "डॉक्टरसाहेब, हिला चढावर धाप लागते, जरा हृदय ऐकून पाहता का?" यात संकोचण्यासारखे काही नाही.

विश्रांतीतही श्वास पुरत नसेल, थुंकीतून गुलाबी फेस किंवा रक्त येत असेल, श्रमात शुद्ध हरपत असेल, किंवा एकाएकी तोंड वाकडे होऊन हात-पाय लुळा पडत असेल, तर मात्र दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. तत्काळ १०८ ला फोन करा.

आवाज आढळला म्हणजे मृत्युपत्र मिळाले असे नव्हे. पुष्कळ निरोगी मुलांच्या हृदयातही निरुपद्रवी आवाज येतो. खरे काय ते इको नावाच्या तपासणीत कळते. १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे एडलर व हर्ट्झ या दोघांनी तिचा पाया घातला. ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी छातीतून पाठवून झडपांची हालचाल पडद्यावर पाहतात. सुई नाही, वेदना नाही. दोष नसेल तर कायमची चिंता जाते. असेल तर वेळेत कळते. दोन्ही प्रकारे तोटा नाही.

म्हाताऱ्यांविषयीही दोन शब्द. साठी-सत्तरीनंतर हृदयातून बाहेर पडण्याच्या दारावरची झडप काही जणांत चुन्यासारख्या थराने घट्ट होते. चालताना छातीत दुखणे, धाप, किंवा चढावर घेरी येऊन पडणे ही तिची लक्षणे. आपण 'वय झाले' म्हणून सोडून देतो. परंतु लक्षणे दिसू लागल्यावर तीव्र दोष तसाच राहू दिला तर निम्मे रोगी सुमारे दोन वर्षांच्या आत जातात, आणि वेळेत झडप बदलली तर पुष्कळांना चांगली वर्षे लाभतात. २००२ साली फ्रान्समधील रुआं येथे आलां क्रिबिये यांनी छाती न उघडता ही झडप नळीतून बसविण्याचा मार्गही प्रथम खुला केला. तो खर्चिक आहे, सर्वांना लागू नाही. पण आजोबांच्या छातीला नळी लावून ऐकण्यास काही खर्च नाही.

आता चिठ्ठीकडे वळतो. डॉक्टरांनी पुढे जाण्यास सांगितले की दवाखान्यातून उठण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा: कोणत्या रुग्णालयात, कोणत्या विभागात आणि कोणत्या वारी जायचे? कोणती कागदपत्रे न्यायची? आणि किती दिवसांच्या आत पोहोचले पाहिजे? उत्तरे चिठ्ठीच्या पाठीवर लिहून घ्या. 'मोठ्या रुग्णालयात न्यावे' एवढ्यावर समाधान मानू नका. त्या तीन शब्दांवर आमच्या मुलीची सहा वर्षे गेली. मूळ चिठ्ठी स्वतःजवळ ठेवा व तिची प्रत द्या. कर्नाटकात आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक, गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आणि महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना यांतून झडपांच्या उपचारांस साहाय्य मिळू शकते. मात्र त्यासाठी कार्डे आधी तयार हवीत, आणि काही ठिकाणी सरकारी रुग्णालयाची शिफारस लागते. कार्ड नसेल तर दुखणे येण्याची वाट न पाहता ते आजच करून घ्या.

आणि एकट्याला पाठवू नका. मार्काच्या शुभवर्तमानातील कफर्णहूमचा तो पक्षाघाती मनुष्य आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्याला चौघांनी उचलून आणले, दाराशी गर्दी पाहून ते परतले नाहीत, छप्पर उकलून त्यांनी त्याला खाली सोडले. लहानपणापासून मी त्या पक्षाघाती माणसावर प्रवचने ऐकली व पुढे स्वतः दिलीही. त्या चौघांकडे माझे लक्ष त्या रात्रीनंतर गेले. एकाने म्हैस दोहायची, एकाने बसभाडे द्यायचे, एकाने लिहितावाचता येते म्हणून सोबत जायचे आणि एकाने आठ दिवसांनी विचारायचे, 'जाऊन आलात का?' चौघांचे काम एवढेच आहे. या चौथ्याचे काम मी २०१८ साली केले नाही.

रोग सापडल्यानंतरही एक लांबची वाट असते. संधिज्वर पुन्हा येऊ नये म्हणून बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे, दर तीन ते चार आठवड्यांनी घ्यावे लागते. हृदयावर परिणाम झालेला असेल तर बहुधा किमान दहा वर्षे, कधी त्याहूनही अधिक. मुदत डॉक्टरच ठरवितात. इंजेक्शन दुखते, मुले रडतात, आणि बरे वाटू लागले की आईबाप ते सोडून देतात. त्याचा उपयोग किती? युगांडा देशात ५ ते १७ वर्षांच्या ८१८ मुलांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. या मुलांना काहीच त्रास नव्हता. केवळ इको तपासणीत झडपेच्या विकाराची पहिली खूण दिसली होती. निम्म्यांना दर चार आठवड्यांनी इंजेक्शन दिले, निम्म्यांना दिले नाही. दोन वर्षांनी पाहिले तो इंजेक्शन न घेतलेल्यांत ८.२ टक्के मुलांचा रोग पुढे सरकला होता, आणि घेतलेल्यांत केवळ ०.८ टक्के मुलांचा. म्हणजे रोग जितक्या लवकर ओळखाल, तितके ते साधे इंजेक्शन मोलाचे.

ज्यांना २१ दिवसांचे अंतर सांगितले आहे, त्यांच्यासाठी एक सोपी युक्ती आहे. २१ दिवस म्हणजे बरोबर तीन आठवडे. वार कधी बदलत नाही. तुमच्या भागाचा आठवडी बाजार ज्या वारी असेल, त्या वारी पहिले इंजेक्शन घ्या, आणि मग दर तिसऱ्या बाजाराला. मीठ-मिरची आणायची तशीच मुलाची सुई. इंजेक्शन प्रशिक्षित हातांनी, आरोग्य केंद्रातच घ्यावे. पूर्वी पेनिसिलिनने अंगावर गांधी किंवा धाप आली असेल तर आधी सांगावे. ज्यांची झडप फारच बिघडली आहे, त्यांना सुई द्यावी की गोळ्या, हे हृदयतज्ज्ञांना विचारूनच ठरवावे. आणि ज्या मुलांना अद्याप काहीच झालेले नाही, त्यांच्या दुखऱ्या घशाची हेळसांड करू नका. घसा धरल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य प्रतिजैविक सुरू झाले तर संधिज्वर टळू शकतो. मात्र स्वतःच्या मनाने दुकानातून गोळ्या आणू नका. डॉक्टरांना घसा दाखवा.

त्या मुलीचे काय झाले, हे आपण विचाराल. बेळगावच्या डॉक्टरांनी तिची इको तपासणी केली. झडप अगदी चिंचोळी झाली होती. प्रथम औषधांनी फुप्फुसांतील पाणी उतरविले, मग सातव्या महिन्यातच फुग्याने झडप मोकळी केली. दोन महिन्यांनी तिला मुलगी झाली. बाप्तिस्म्याच्या दिवशी ती ४२ पायऱ्या चढली. कट्ट्याशी क्षणभर थांबली, बसली नाही. तिचे दुखणे संपलेले नाही. झडप पुन्हा अरुंद होऊ शकते, सुया चालू आहेत, दरवर्षी तपासणी आहे, आणि दुसऱ्या मुलाचा विचार हृदयतज्ज्ञांना विचारल्यावाचून करायचा नाही असे तिला बजावलेले आहे. २०१८ सालीच ती पोहोचली असती, तर सहा वर्षे धाप सोसावी लागली नसती, आणि ती पावसाची रात्र कदाचित आलीच नसती.

तिच्या आईने ती जुनी चिठ्ठी मला आणून दिली. रागाने नव्हे, "तुमच्याकडे असू द्या, फादर," एवढेच म्हणाली. ती मी माझ्या टेबलावर काचेखाली ठेवली आहे. शेजारी एक वही ठेवली आहे. धर्मग्रामातील ज्या कोणाला 'पुढे न्यावे' असे लिहून मिळेल, त्याने येऊन नाव व तारीख लिहून घ्यावी. वही माझ्याखेरीज कोणी पाहणार नाही. पंधरा दिवसांनी मी स्वतः घरी येऊन विचारीन.

आज रात्री जेवणे झाल्यावर आपली पेटी एकदा उघडा. शिधापत्रिकेखाली, साडीच्या घडीत, जुन्या वहीत अशी एखादी चिठ्ठी असेल तर ती बाहेर काढा आणि तारीख वाचा. तारीख जुनी असली तरी लाज बाळगू नका. सकाळच्या पहिल्या बसला अजून वेळ आहे.